ज्ञानाची परतफेड : गडचिरोलीतील आरोग्य-संशोधनाचा अन्वयार्थ

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या सोहळ्यात वैद्यकीय संशोधनासारखा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. अशा प्रसंगी संतवाङ्मय, नाटक, कादंबरी यांवर बोलण्याची प्रथा आहे. मृत्युदर, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग हे शब्द या व्यासपीठावर काहीसे परके वाटतात. परंतु ग्रंथालय हे मुळात ज्ञानाच्या वाटपाचे ठिकाण आहे. ज्ञान कोण निर्माण करतो, ते कोणाच्या जगण्यातून उचलले जाते आणि अखेर कोणाच्या हाती पोहोचते, हे प्रश्न ग्रंथालयाला जसे टाळता येत नाहीत तसे वैद्यकालाही टाळता येत नाहीत. वैद्यक, समता आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच कार्यात कशा गुंफल्या जातात, याचे एक उदाहरण मराठी मुलखातच घडले आहे. त्याचा विचार या प्रसंगी करणे अप्रस्तुत ठरू नये.

या कथेचा आरंभ एका दहा दिवसांच्या बाळापासून करावा लागेल. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी यांमुळे ते घरोघरी पोहोचले. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या आणि योग्य उपचारांअभावी ते मूल अवघे दहा दिवस जगले. आपण वैद्य व्हावे, ही इच्छा त्या दुःखातून दृढ झाली. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळवली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. सातासमुद्रापलीकडे जाऊनही या मुलीने विषय निवडला तो आपल्या घरच्या बाळंतिणीच्या खोलीतला. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई ती जागा स्वीकारण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन पावल्या. वय बावीस वर्षेही पुरे झाले नव्हते. ज्या प्रश्नासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, तो प्रश्न जागच्या जागी राहिला.

बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, एक मराठी डॉक्टर दांपत्य याच प्रश्नाच्या दाराशी येऊन उभे राहिले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघेही नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अभय बंग यांचे बालपण सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत, हाताने काम करीत शिकण्याच्या वातावरणात गेलेले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि त्यांनी निवड केली ती गडचिरोलीची. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये हा जिल्हा निर्माण झाला होता. बहुतांश भाग अरण्याचा, वस्ती गोंड व माडिया आदिवासींची आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांची. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे ‘सर्च’ हे संक्षिप्त नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या नावाच्या विस्तारात शिक्षण, कृती आणि संशोधन हे तीनही शब्द आहेत, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

त्यांची पहिली पावले अचूकच पडली असे नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितली आहे. या भागात सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्तविकार असावा, अशी त्यांना शंका आली. रक्ताचे नमुने घेतले गेले, शंका खरी ठरली, शास्त्रीय निष्कर्ष निघाले. संशोधकाच्या दृष्टीने हे यशच होते. परंतु गावकऱ्यांना त्या निष्कर्षात काहीच रस नव्हता. ज्या रोगावर हाती ठोस उपचार देता येत नाही, त्याची माहिती घेऊन करायचे काय? त्यांची दुखणी वेगळी होती आणि त्यांविषयी त्यांना कोणी विचारलेच नव्हते. लोकांवर केलेले संशोधन आणि लोकांबरोबर केलेले संशोधन यांतला भेद येथे उघड झाला. एखाद्या गावात जाऊन रक्त घेणे, आकडे घेणे, मुलाखती घेणे आणि दूरच्या नियतकालिकात निबंध छापून मोकळे होणे, हा एक प्रकारचा सारा आहे. पूर्वी धान्य नेले जाई, आता माहिती नेली जाते एवढेच.

म्हणून त्यांनी क्रम उलटा केला. आधी लोकांना विचारायचे, मग प्रश्न ठरवायचा. रुग्णालय कसे असावे हेही विचारले. पांढऱ्या भिंतींच्या, पांढऱ्या कपड्यांतील परिचारिकांच्या मोठ्या इमारतीची आदिवासींना भीती वाटत होती, कारण पांढरे वस्त्र त्यांच्या मनात प्रेताशी जोडलेले होते. तेव्हा शोधग्राममधील दवाखाना गावातल्या घरांसारखा, झोपड्यांच्या घडणीचा बांधला गेला आणि दंतेश्वरी देवीचे नाव त्याला लोकांनीच दिले. आदिवासी गावांचे प्रतिनिधी तेथे आरोग्य संसदेत एकत्र जमतात आणि कोणत्या रोगांवर काम व्हावे ते सांगतात. संशोधनाचा विषय ठरवण्याचा अधिकार, जो विद्यापीठांत विभागप्रमुखाकडे असतो, तो येथे काही अंशी गावाकडे गेला.

लोकांचे ऐकण्यातून काय हाती लागते, याचा पहिला मोठा पुरावा १९८९ मध्ये जगापुढे आला. खेड्यातील स्त्रियांच्या दुखण्यांचा विचार तोपर्यंत जवळजवळ केवळ गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांपुरता होत असे. राणीताईंशी बोलताना बायका मात्र आणखी बरेच काही सांगत होत्या. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. लक्षणांची तक्रार निम्म्याहून थोड्या अधिक जणींनी केली होती. प्रत्यक्षात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग असल्याचे आढळले. याआधी कधी अशी तपासणी झाली होती ती अवघ्या ८ टक्के स्त्रियांची. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण स्त्री म्हणजे केवळ प्रसवणारे शरीर नव्हे, हे शास्त्राच्या भाषेत मांडले गेले. बायकांना हे आधीच ठाऊक होते. ते मोजले गेले नव्हते इतकेच. जे मोजले जात नाही ते दप्तराच्या लेखी अस्तित्वातच नसते.

यानंतरचा प्रश्न बालमृत्यूंचा. कोणत्या कारणाने मुले जातात, हे शोधताना न्यूमोनिया हे मोठे कारण म्हणून पुढे आले. निदानासाठी क्ष-किरण यंत्र नको, मुलाचे श्वास मोजले तरी पुरे, हे तोवर ज्ञात झाले होते. पण जिला दहापुढे मोजता येत नाही अशा सुईणीने मिनिटाला पन्नास श्वास मोजायचे कसे? येथे शास्त्रज्ञाची कसोटी लागली आणि त्यातून एक साधे उपकरण तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्यालगत मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळासाठी, दुसरी थोड्या मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतले मणी संपले तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. बाईला गणित येत नाही म्हणून तिला बाजूला सारण्याऐवजी गणितालाच तिच्या बोटांपर्यंत आणून ठेवले गेले. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत अध्यापनाची जी तत्त्वे सांगितलेली असतात, त्यांचे सार या मण्यांत आहे.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ५८ गावांतील या प्रयोगाची तुलना उपचार न पोहोचलेल्या ४४ गावांशी केलेली होती. न्यूमोनियामुळे पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर प्रयोगाच्या गावांत ८.१ होते. गावात राहणाऱ्या, थोडेच शिकलेल्या माणसांच्या हातून ही घट झाली होती.

तरीही मोठा भाग उरलाच होता. वाचलेल्या मुलांची संख्या वाढली तशी एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली, ती ही की उरलेल्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील होता. आनंदीबाईंच्या बाळाचे वय येथे पुन्हा आठवावे. नवजात अर्भकाला वाचवायचे तर रुग्णालय, काचेची पेटी, तज्ज्ञ डॉक्टर हवेत, हे सर्वमान्य मत होते. शास्त्रदृष्ट्या ते चूक नव्हते. परंतु गडचिरोलीच्या अरण्यात ते निरुपयोगी होते. त्या गावांत बहुतेक सर्व बाळंतपणे घरीच होत. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद केली गेली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मदत मिळालेली बाळे शंभरात तीनही नव्हती. त्या वर्षी ४० बाळे दगावली.

आरोग्यातील विषमता म्हणजे काय, हे सांगण्यासाठी आणखी व्याख्या नको. एकीकडे उत्तम उपचारांचे शास्त्र आणि दुसरीकडे ज्याला ते लागते ते मूल, आणि मध्ये पावसाळ्यातली नदी, बाळंतिणीला घराबाहेर न नेण्याची रीत, खिशात नसलेले भाडे. औषध अस्तित्वात असूनही पोहोचत नाही, तेव्हा त्या मृत्यूला केवळ रोग जबाबदार नसतो.

बंग दांपत्याने जो मार्ग काढला तो ऐकायला सोपा आहे. बाळ दवाखान्यापर्यंत येत नसेल तर दवाखान्यातील ज्ञान बाळापर्यंत न्यायचे. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, गावातच राहणाऱ्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून निवडण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळ रडले नाही तर त्याचा श्वास सुरू करणे, वजन करणे, ताप किंवा अंगाचा गारठा मोजणे, ऊबदार पिशवीत गुंडाळणे, आईला पाजण्याबाबत सांगणे, ठरावीक दिवशी पुन्हा घरी जाऊन पाहणे आणि प्रत्येक गोष्ट कागदावर नोंदवणे, हे सर्व त्यांना टप्प्याटप्प्याने शिकवले गेले. शिकवणे व्याख्यानाने नव्हे, प्रत्यक्ष करून घेण्याने झाले. पर्यवेक्षक येऊन त्यांच्या नोंदी पडताळून पाहत. अखेरचा टप्पा सर्वांत धाडसाचा होता. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून, आईवडिलांच्या संमतीने, बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचे काम या स्त्रियांच्या हाती सोपवण्यात आले.

यावर आक्षेप आले आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई देणे म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाचे वैद्यक निर्माण करणे नव्हे काय? शहरातील मुलाला तज्ज्ञ आणि जंगलातील मुलाला आठवी शिकलेली बाई, ही कुठली समता? प्रश्न न्यायाचाच आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. त्या मुलापुढे तज्ज्ञ आणि आरोग्यदूत असे दोन पर्याय उभेच नव्हते. आरोग्यदूत किंवा कोणीच नाही, एवढीच निवड होती. आदर्श व्यवस्था येईपर्यंत थांबा, असे सांगणाऱ्याचे मूल बहुधा त्या रांगेत नसते. शिवाय काम दुय्यम की उत्तम हे काम करणाऱ्याच्या पदवीवरून नव्हे, परिणामावरून ठरावे. म्हणूनच येथे संशोधनाची शिस्त अपरिहार्य होती. सदिच्छेने सुई हाती देणे हा अविचार ठरला असता. काटेकोर मोजमापाने तो प्रयोग झाला.

मोजमाप काय सांगते? ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू १९९३-९५ मध्ये ६२ होते. १९९७-९८ पर्यंत ते २५.५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत त्याच काळात ते ६० च्या आसपासच राहिले. तुलनेने पाहता घट ६२ टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत, आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. आकडे रूक्ष असतात अशी तक्रार साहित्याचे वाचक नेहमी करतात. परंतु ६२ आणि २५.५ यांमधील अंतरात किती पाळणे हलते राहिले, याचा विचार केला तर या आकड्यांइतका आशयघन मजकूर क्वचितच वाचायला मिळेल.

प्रयोग सिद्ध झाला तरी तो शोधग्रामच्या कुंपणाआड राहिला असता तर त्याचे मोल मर्यादित झाले असते. २००१ मध्ये महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्थांनी मिळून बालमृत्यूंची मोजणी केली. ‘कोवळी पानगळ’ या नावाने आलेल्या अहवालाने शासकीय दप्तरातील आकडा आणि वास्तव यांतील मोठे अंतर उघड केले. इंग्रजी निबंधांनी जे साधले नव्हते ते या दोन मराठी शब्दांनी साधले. बालमृत्यूचा प्रश्न वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात पोहोचला. पुढे ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातील सात संस्थांनी हीच पद्धत आपापल्या क्षेत्रांत राबवली आणि तेथेही नवजात मृत्यू निम्म्याने उतरले. बांगलादेशातील सिल्हेट भागात अशाच घरभेटींच्या पद्धतीची स्वतंत्र चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. तेथे घट ३४ टक्के होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने गृह-आधारित नवजात बालसेवा देशभर स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा आणि घरी जन्मलेल्या बाळाकडे सात वेळा ‘आशा’ कार्यकर्ती जाते, त्यामागचे बीज या ३९ गावांतले आहे.

या यशकथेत एक उणीवही नोंदवली पाहिजे. देशव्यापी कार्यक्रमात घरभेटी आल्या, तराजू आला, तापमापक आला; सुईचा अधिकार मात्र ‘आशे’कडे सर्रास सोपवला गेला नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत परिचारिकेला जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली, ती त्याच वाटेवरची पुढची पायरी. ज्ञानाचा स्वीकार लवकर होतो; ज्ञान वापरणाऱ्या गरीब बाईवर विश्वास टाकायला वेळ लागतो. शिवाय ‘आशे’च्या डोक्यावर कामे वाढत जातात, मानधन त्या मानाने वाढत नाही, ही तक्रारही सर्वपरिचित आहे. समतेचे काम करणाऱ्या स्त्रीलाच समता नाकारली जात असेल तर त्या इमारतीचा पाया कच्चा म्हणावा लागेल.

आता या नगरीचा एक दाखला द्यावासा वाटतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण एकदम सर्व राज्यभर लागू केले नाही. १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात त्याचा प्रयोग केला, अनुभव घेतला आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण बडोदे राज्यात नेले. पुढे १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन यांना आणून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे खेड्यापाड्यांपर्यंत विणले. लहान क्षेत्रात प्रयोग, प्रामाणिक पडताळणी आणि मग विस्तार, ही पद्धत बडोद्याला नवी नाही. पुस्तक वाचकाची वाट पाहत शहरात बसून न राहता फिरत्या पेटीतून गावी जाते, आणि औषध रुग्णाची वाट पाहत न बसता आरोग्यदूताच्या पिशवीतून झोपडीत जाते, या दोहोंमागे एकच श्रद्धा आहे. ज्याला गरज आहे त्याच्या उंबऱ्यापर्यंत ज्ञानाने चालत गेले पाहिजे.

येथेच ग्रंथालयाचे आणि भाषेचे कर्तव्य सुरू होते. गडचिरोलीचे निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाले. जगाशी बोलण्यासाठी ते आवश्यकच होते. परंतु ज्या स्त्रियांच्या सांगण्यातून ते ज्ञान निर्माण झाले त्यांच्या भाषेत ते परतले नसते, तर ऋण तसेच राहिले असते. राणीताईंनी ‘गोईण’मध्ये आदिवासी स्त्रियांचे झाडांशी असलेले मैत्र मराठीत आणले, ‘कानोसा’मध्ये ग्रामीण स्त्रियांच्या मनातील आरोग्यविचार नोंदवला. अभय बंग यांनी स्वतःच्या आजारपणाची कहाणी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात २००० साली मराठी वाचकांसमोर ठेवली आणि ती असंख्य घरांत वाचली गेली. आदिवासींच्या आरोग्यावरील राष्ट्रीय तज्ज्ञ समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल २०१८ मध्ये सादर झाला. त्याच वर्षी उभयतांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. सन्मान योग्यच, परंतु अशा अहवालांतील मजकूर सामान्य वाचकाच्या भाषेत किती येतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत कथा-कादंबऱ्यांच्या रांगा समृद्ध असतात. आरोग्यविषयक संशोधनाची ओळख करून देणाऱ्या ग्रंथांची रांग बहुधा तोकडी असते. दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या ग्रंथालयाने ही रांग भरण्याचा संकल्प करावा. त्यासाठी फार मोठा निधी नको. निवडीची दृष्टी हवी आणि त्या पुस्तकांवर चर्चा घडवणारे वाचक हवेत.

संशोधन चांगले की वाईट हे ठरवण्यासाठी पदव्या आणि पारितोषिके पुरत नाहीत. प्रश्न कोणाचा होता, काम कोणाच्या हातांनी झाले आणि उत्तर कोणाकडे परत गेले, हे पाहावे लागते. आनंदीबाईंचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या पाळण्यातला होता, पण त्यांना उत्तर देण्याइतके आयुष्य लाभले नाही. शंभर वर्षांनी त्याच प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीच्या गावांत सापडले, आणि ते देणारे हात होते पाचवी-आठवी शिकलेल्या बायकांचे. त्या बायकांपैकी बहुतेकींची नावे कोणत्याही ग्रंथसूचीत सापडणार नाहीत. परंतु त्यांनी सांभाळलेली मुले आज मोठी झाली आहेत, त्यांतली काही कोठल्या तरी शाळेत, कोठल्या तरी वाचनालयात पुस्तक उघडून बसली असतील. त्यांच्या हाती चांगले पुस्तक पडावे, एवढी व्यवस्था करणे हे यापुढचे काम आहे, आणि ते ग्रंथालयांचे आहे.